एका घराला दोन पाट्या

सकाळी साडेदहाला तिचा परिच्छेद पानावरून उडालेला होता. कर्नलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याच्या, नव्या सोयीची माहिती देणारं पान तिने आठवडाभर घासूनपुसून लिहिलं होतं. खाली तिचं नाव तसंच होतं. मधली इशाऱ्याची वाक्यं मात्र गायब. त्या जागी एकच ओळ : 'कितीही मोठ्या फाइलची संपूर्ण प्रत, क्षणात.' ऑफिसात पान सगळ्यांना खुलं झालं होतं. संध्याकाळी पाचला ते जगासाठी खुलं होणार होतं.

ऑफिसात ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांच्या टेबलापाशी ती तडक गेली. सोयीचा प्रोग्राम त्यांनी लिहिलेला, आणि पानातला शब्द न् शब्द मंजूर करायचा अधिकारही त्यांचाच.

"माझा परिच्छेद कुणी कापला?"

"मी." त्यांनी मान वर केली नाही. "अगं, कर्नलचं पान आहे ते, औषधाची बाटली नव्हे. लोकांना घाबरवतेस कशाला?"

"मास्तर, अशी प्रत काढली तरी बदल होईपर्यंत डेटा एकाच जागी असतो. नावं फक्त दोन. डिस्कची ती जागा खराब झाली की दोन्ही फाइली गेल्या. हा बॅकअप नव्हे, एवढंच लिहिलं होतं मी."

"ते शहाण्यांना कळतं."

"शहाणे पान वाचत नाहीत. पान बाकीच्यांसाठी असतं."

शेजारी कुणीतरी हसू दाबलं. मास्तरांचे कान लाल झाले.

"तू शब्द नीट लाव. सोय कशी चालते ते मला शिकवू नकोस."

तिने त्यांचा कप उचलला आणि उगाचच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आदळला. परवा हेच तिने सासूबाईंना सांगितलं होतं : एका घराला दोन पाट्या लावल्या म्हणून घरं दोन होत नाहीत. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या होत्या, "मग आग लागली की?"

तेवढ्यात सर्व्हर सांभाळणारा, ऑफिसात सगळे ज्याला भाऊ म्हणत तो, हसत आत आला. हातात एक डिस्क.

"मास्तर, मानलं तुम्हाला! चाचण्यांच्या सगळ्या नोंदींचा बॅकअप पापणी लवायच्या आत. तिथल्या तिथे, त्याच डिस्कवर. जुना बॅकअप होता ती ही दुसरी डिस्क आता कशाला अडवून ठेवायची? पुसून आणलीय."

मास्तर उभे राहिले. "कधी पुसलीस?"

"मघाशी. तुमची ती ओळ वाचली आणि—"

"आणि नोंदी आता कुठे आहेत?"

"त्या जुन्या डिस्कवर. ती नाही का, करकर करते ती."

तिच्या जिभेवर बरंच काही होतं, सगळं धारदार. तिने फक्त भाऊच्या हातातली डिस्क घेतली आणि पुन्हा त्याच्याच हातात दाबली.

"जा. जुन्या पद्धतीने खरी प्रत लाव. आत्ता."

मास्तर त्याच्या मागोमाग धावले. जागेवर परतून तिने परिच्छेद जसाच्या तसा पुन्हा मंजुरीला पाठवला.

दुपारी चारला प्रत निम्म्यावर अडली होती आणि मास्तर सर्व्हरच्या खोलीतून बाहेर आलेले नव्हते. परिच्छेद मंजुरीविना पडून होता, पानावर ती ओळ अजून तशीच होती. खाली तिचं नाव.