राशीपुढे टांगलेला ताणकाटा

मित्रांनो, जन्मभर दुसऱ्यांची ओझी लटकवून घेतलेला मी एक जुना ताणकाटा आहे. वर धरायला कडी, खाली अडकवायला आकडा, पोटात स्प्रिंग आणि तोंडावर पितळी तबकडी, एवढाच माझा संसार. आता इंदापुरात एका सरकारी कपाटाच्या माथ्यावर पडून असतो. झुरळं अंगावरून फिरतात, मी काही म्हणत नाही. म्हणून होणार काय?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो पहिला शिक्का. वजनमापं तपासणाऱ्या माणसाने खरी वजनं टांगून मला पारखलं आणि ठप्पकन शिक्का मारून म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." तेव्हा ऊर भरून आला होता. नंतर कळलं, खोटं न बोलणं सोपं असतं. खरं बोलूनही चुकायला होतं, ते फार दमवतं.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी संजीवनीताईंच्या पिशवीत राहू लागलो. त्या आकडेवारी गोळा करणाऱ्या खात्यात कामाला होत्या आणि मुक्कामाला बारामतीत. सकाळी एसटीने इंदापूरकडे निघायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढे पायी. पिशवीत डबा, छत्री, जाड दोरी, चार लोखंडी खुंट्या आणि मी. डब्यातलं तेल सांडलं की पहिला मान माझा.

देश वर्षभरात किती पिकवतो, किती कमावतो, किती माणसं कामावाचून आहेत, महागाई किती चढली, हे सगळं दिल्लीत बसून कळत नाही. त्यासाठी कुणीतरी उन्हातून जाऊन मोजावं लागतं. शेतात काय पिकलं, कारखान्यात काय बनलं, कुणी काय सेवा दिली, त्यांच्या किमती मांडायच्या, एकच गोष्ट दोनदा धरायची नाही, आणि बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे देशाचं उत्पादन. त्या डोंगराएवढ्या बेरजेत माझंही एक चिमूटभर वजन असायचं.

इंदापूरच्या बाजारात भाव टिपायलाही ताई मला न्यायच्या. दगडाबाई नावाची बाई तिथे वांग्यांचे वाटे लावून बसायची. वाट्याचा भाव वर्षभर तोच. ताईंनी एकदा वाटा उचलून माझ्या आकड्याला लावला, तर दगडाबाई भडकली.

"वाटा म्हंजी वाटा! तेचं वजन करत्यात व्हय कुठं?"

"अहो मावशी, भाव तोच आहे, पण वांगी कमी झालीत."

"मग? भाव वाढिवला तर गिऱ्हाईक बोंबलतंय. वांगं काढलं तर कुनी बघत न्हाय. तूच एक आलीस बघाया."

ताई हसल्या आणि त्यांनी महागाई नोंदवली. भाव न हलताही महागाई येते, ती अशी. दगडाबाईने मात्र मला पुन्हा कधी वाट्याजवळ येऊ दिलं नाही, लांबूनच हुसकायची.

पण माझं मुख्य काम पीक कापणीचं. ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. गावातली सगळी ज्वारी मोजता येत नाही. म्हणून चिठ्ठी काढल्यासारखं एखादं शेत निवडतात, आणि त्या शेतातला एक तुकडाही तसाच. तिथे खुंट्या ठोकून दोरी ताणायची, आतलं पीक कापायचं, वाळवून बडवायचं आणि माझ्यावर टांगायचं. त्या एका तुकड्यावरून भवतालच्या रानाचा अंदाज. नियम असा की तुकडा ठरला की ठरला. पीक चांगलं आहे म्हणून सोडायचा नाही, वाईट आहे म्हणून हलवायचा नाही. नियम बरा होता. हलवायला मुभा दिली असती, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याच सोयीचा कोपरा निघाला असता.

त्या साली पाऊस रुसला होता. करंजवाडीला, एका टोकाच्या वाडीत, ज्वारी गुडघ्याएवढी राहिली होती. आबासाहेबांच्या रानाची चिठ्ठी निघाली. तुकडा नेमका आला तो वरच्या कोपऱ्यात, आणि तिथली ज्वारी मात्र माणसाच्या डोक्यावर गेलेली, कणसं मुठीएवढी. ताईंनी दोरी ताणली. त्यांनाही नवल वाटलं असणार. पण नियम तो नियम.

कापायला सारजा आली होती. सारजा म्हणजे बिरू मेंढक्याची बायको. बिरू मेंढरं घेऊन दिवाळीनंतर लांब चाऱ्याला गेला होता. दर वर्षी सारजाही बिऱ्हाड घोड्यावर लादून जायची. या वर्षी मागे राहिली, कारण सासूची, प्रयागबाईची, नजर गेली होती. म्हातारीला घागर कुठे आणि उंबरा कुठे हे चाचपडून शोधावं लागे. कापता कापता सारजा सोबतच्या बाईला म्हणाली, "गावात पाझर तलावाचं काम निगालं तर माती उपसून पोट भरंल. मग म्हातारीला सोडून जायाला नगं. न्हाय निगालं तर मलाबी मेंढरांमागं जावं लागंल. हितं ऱ्हाऊन खानार काय?"

ते काम निघणार की नाही, हे पिकावर ठरणार होतं. नेहमीच्या मानाने रुपयात पन्नास पैशांच्या आत पीक आलं, म्हणजे पैसेवारी पन्नासाच्या आत राहिली, तर गाव टंचाईत धरायचं आणि कामं काढायची. वर गेलं तर काही नाही. सारजाला हे सगळं ठाऊक होतं. विळा चालवत होती, पण जीव त्या आकड्यात अडकला होता.

आठ-दहा दिवसांनी वाळलेलं धान्य तोलायला आम्ही पुन्हा गेलो. एव्हाना आबासाहेबांनी बाकीचं रान काढलं होतं आणि खळ्यावर रास घातली होती. राशीला हळदकुंकू वाहिलेलं, वर नारळ. दोघांनी खांद्यावर काठी धरली, मला मधोमध टांगलं आणि सारजाने पोतं आकड्याला अडकवलं. माझी स्प्रिंग करकरली. मी खालीखाली गेलो. एवढं वजन त्या साली कुठल्याच गावात माझ्यावर आलं नव्हतं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग राशीकडे. एवढ्या मोठ्या रानाची रास एवढीशी कशी, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी विचारलं, "आबा, बाकीच्या रानातही असंच आलंय, की कमी? कमी असेल तर सांगा. मी शेऱ्यात लिहिते, वरचे साहेब येऊन दुसरा तुकडा बघतील."

आबासाहेबांनी टोपी सारखी केली.

"बाई, राशीपुढं तसलं बोलू ने. लई हाय. भरून हाय."

मित्रांनो, त्या भागात राशीपुढे 'कमी' म्हणत नाहीत. धान्य मापतानाही पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. कमी म्हटलं तर लक्ष्मी उठून जाते, अशी भावना. आबासाहेब काही लपवत नव्हते. देवाला नैवेद्य दाखवताना मीठ कमी पडलंय असं कोण ओरडतं?

ताई सारजाकडे वळल्या. "तू सांग. तू कापलंस."

सारजाचा हात अजून पोत्यावर होता. तिला सगळ्यांत जास्त माहीत होतं. पावसाळ्याच्या तोंडाला बिरूची मेंढरं परतली, तेव्हा त्याच कोपऱ्यात रात्री बसवली होती. मेंढ्यांच्या लेंड्यांनी आणि मुताने तेवढीच जमीन ताकदीची झाली होती. राखणीला ती स्वतःच तिथे झोपली होती. बदल्यात आबासाहेबांनी पायलीभर जास्तच धान्य दिलं होतं. आता त्यांच्याच राशीला, नारळासमोर, आपल्या तोंडाने कमी म्हणायचं? तिचे ओठ हलले. मला वाटलं, बोल बाई, बोल. तुझं घर यात आहे.

"लाभच हाय बाई," सारजा म्हणाली. आणि तिने मान खाली घातली.

ताईंनी वजन लिहिलं. शेऱ्याची जागा कोरी राहिली. सोबत धरले जाणारे आजूबाजूच्या गावांचे आकडे काठावरच होते. त्या एका पोत्याने करंजवाडीची पैसेवारी पन्नासाच्या वर ढकलली. काम निघालं नाही. माझा काटा केसभरही चुकला नव्हता, हेच मला अजून सहन होत नाही.

उन्हाळ्यात ताई पुन्हा करंजवाडीला गेल्या, या वेळी रोजगाराची पाहणी करायला. मी पिशवीत होतोच. चिठ्ठीत प्रयागबाईचं घर निघालं. म्हातारी दारात एकटीच बसली होती. शेजारीण सकाळी पाण्याची घागर ठेवून जायची, तेवढीच सोबत.

"आजी, घरात कोणी काम शोधत होतं आणि मिळालं नाही, असं आहे का?"

"न्हाय गं बया. समदी कामाव हायती. ल्योक मेंढरांमागं, सूनबी गेली त्याच्यामागं. बसून खानारी मी एकलीच."

तुम्हीच बघा. बेकारीच्या व्याख्येत ते घर कुठेच बसत नव्हतं. काम करणारी दोन माणसं कामावर, आणि म्हातारी काम शोधत नव्हती. बेकार कोणी नाही. उत्पन्न चांगलं, बेकारी नाही, आणि उंबऱ्याशी चाचपडणारे ते दोन हात कुठल्याच रकान्यात नाहीत. मग सारजा का गेली, ते प्रयागबाईने सहज सांगितलं. मेंढरं बसवलेल्या कोपऱ्याचंही सांगितलं. खळ्यापासून लांब, आपल्या दारात, तिला ते बोलायला कसली भीती? ताईंचा हात लिहिता लिहिता थांबला.

"ताई, तुज्याकडं काटा हाय म्हनं," म्हातारी म्हणाली. "सूनंनं जोंधळं ठिवल्यात गठुड्यात. ती पावसाच्या आदी येत न्हाय. पुरत्यात का बघ की जरा. मला दिसत न्हाय, आन् शेजारनीला इचारावं तर ती तिच्यातलं घालाया बघंल."

ताईंनी मला कोपऱ्यातल्या खुंटीला टांगलं आणि गाठोडं अडकवलं. मी जेमतेम हललो. मनात म्हटलं, हे तरी जड निघायला हवं होतं. नाही निघालं.

"किती हाय?" प्रयागबाईने विचारलं आणि कान पुढे केला.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. जन्मभर आकडा जसा दिसेल तसाच सांगणारी ती बाई.

"भरपूर आहे, आजी. लाभ आहे."

म्हातारी समाधानाने हसली. ताईंनी गाठोडं सोडलं, जागच्या जागी ठेवलं. त्या वजनाची नोंद कुठेही झाली नाही. त्या दिवशीची एसटी त्यांनी चुकवली आणि शेजारणीच्या घरी जाऊन बसल्या. काय बोलणं झालं ते मला पिशवीत ऐकू आलं नाही. उठताना शेजारीण म्हणाली तेवढं कानावर पडलं: "सारजा येईस्तवर म्हातारीची भाकरी आमच्या पिठाची. पर तिला कळू द्यायचं न्हाय."

त्यानंतरही मी बरीच वर्षं ताईंबरोबर हिंडलो. पुढे वजनं झेलून स्प्रिंग सैल पडली, शिक्का मारणाऱ्याने मान हलवली आणि मी कपाटावर गेलो. दमलो आहे, खरंच दमलो आहे. मला पुसा, तेल घाला, असं मी म्हणणार नाही. नवे काटे आले आहेत, ते माझ्याहून बरे आहेत.

एवढंच सांगतो. उद्या तुमच्यापैकी कोणी देशाचं पीक, कमाई, महागाई मोजायला निघेल. काटा सांभाळाच, पण त्याच्या एका आकड्यावर उठून जाऊ नका. करंजवाडीनंतर संजीवनीताई दर खळ्यावर वजन लिहून झालं की पिशवी उचलायच्या आणि घरच्या बाईला म्हणायच्या, "चला, जरा विहिरीपर्यंत येता का माझ्याबरोबर?" रास दिसेनाशी झाली की मग त्या बाकीच्या रानाचा तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या.