आईला फोन का आला नाही

आमची आई दोन महिने कंपनीवर रुसून बसली होती आणि मला पत्ताच नव्हता. कळलं ते शेजारच्या माभेंगूंमुळे, तेही चारचौघींत.

शनिवारी आमच्याकडे मयताची भिशी होती. डर्बनजवळच्या आमच्या क्वामाशूत गल्लीगल्लीत अशी एक असते. बायका महिन्यातून एकदा जमतात, चहा पितात, आणि कुणाच्या घरी कुणी गेलं तर पातेली कुणाची, भाजी कोण चिरणार, ते ठरवतात. पण भिशीतून पातेलीच मिळतात. जेवणासाठी गाय, शवपेटी, तंबू, गावाकडून माणसं आणायच्या बस हे सगळं विम्यातून. तंबू तोकडा पडला किंवा गायीऐवजी कोंबड्यांवर भागवलं, तर मेलेल्या माणसाला काही कळत नाही, पण मागे राहिलेल्यांना गल्लीत मान वर करता येत नाही. आईचा विमा आमच्याच कंपनीचा होता. आमच्याच म्हणजे मी जिथे नऊ वर्षं नोकरी करते, त्या डर्बनच्या मयतविम्याच्या बड्या कंपनीचा.

"परवा कंपनीतल्या पोरीचा फोन आला," माभेंगू वाफेवरच्या पावाचा तुकडा मोडत म्हणाल्या. "म्हणाली, आजी, तब्येत कशी आहे, हप्त्याची आठवण आहे ना. काय गोड बोलते गं!"

"मलाही आला," दुसरी म्हणाली. "मलाही," तिसरी. आई खाली मान घालून चहा ढवळत राहिली.

"तुम्हाला नाही आला, मामखाबेला?" माभेंगूंनी आईला विचारलं.

"मला कशाला येईल? माझी लेक तिथे साहेबीण आहे ना. पिकतं तिथे विकत नाही." आईने चमचा बशीत आपटला. "दोन महिने झाले. एक फोन नाही."

मी चहाची किटली खाली ठेवली. "मग हप्ता?"

"नाही भरला."

"आई!"

"माझ्यावर ओरडू नकोस, बोंगेकिले. अकरा वर्षं दर महिन्याला बोलावणं येतंय, मग मी दुकानात जाऊन भरतेय. आता न बोलावता जाऊ? मी सख्ख्या भावाच्या लग्नाला बोलावणं आल्याशिवाय गेले नव्हते!"

बायका फिदीफिदी हसल्या. माभेंगू तर डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बाई, लेक कंपनीत आणि आई वाऱ्यावर!" मला इतका राग आला म्हणून सांगू! आईचा आला, माभेंगूंचा आला, आणि सगळ्यात जास्त आला आमच्या ऑफिसातल्या पाचव्या मजल्याचा. मी जाहीर केलं, "सोमवारी जाऊन एकेकाची कानउघाडणी करते. चूक झाली असणार."

चूकच असणार याची मला खात्री होती, कारण फोन करायची नवी पद्धत मीच घरोघरी, म्हणजे मजलोमजली, पोचवली होती. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर चाळीस बाया बसून सगळ्यांना फोन करायच्या. यंदा कंपनीने 'नवी घडी' काढली. माहितीवरून यंत्र ठरवणार कुणाला फोन करायचा, कुणाला नाही, आणि बाया निम्म्याच लागणार. मला पिवळा टी-शर्ट देऊन 'बदलदूत' केलं. मी सामोसे वाटले, प्रश्नांना उत्तरं दिली, "यंत्र आपल्या मदतीला आहे, मुलींनो, घाबरू नका" असं घसा बसेपर्यंत सांगितलं. ज्यांना घरी पाठवलं त्यांनी शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये उभं राहून प्रार्थनेचं गाणं म्हटलं, तेव्हा मीही टाळ्या वाजवून साथ दिली. ज्यांना गरज नाही त्यांना फोन करण्यात पैसे कशाला घालवायचे, हे मला तेव्हा पटलं होतं आणि त्या सोमवारी सकाळीही पटतच होतं.

पाचव्या मजल्यावर वांदिले बसतो. यंत्राचं काम त्याच्याकडे. पोरगा हुशार, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू.

"या, बदलमाता!" तो म्हणाला. "आज कुणाचा बदल करायचा?"

"तुझा. तुझ्या त्या शहाण्या यंत्राने माझ्या आईला गाळलंय. दोन महिने फोन नाही. भिशीत माझी लाज काढली बायकांनी."

"अरे देवा. आईची लाज म्हणजे गंभीर गुन्हा." त्याने हसत हसत नाव टाकलं. मग हसायचा थांबला. खुर्ची पुढे ओढून त्याने परत पाहिलं.

"काय रे?"

"पॉलिसी बंद झालीय, बोंगेकिले. एक तारखेला. दोन हप्ते चुकले की आपोआप बंद होते ना."

"मग चालू कर! मी आत्ता भरते."

"नव्याने काढावी लागेल. आणि नवी म्हटली की..."

पुढचं मला पाठ होतं. नवी पॉलिसी काढली की पहिले सहा महिने आजारपणाने माणूस गेला तर कंपनी दमडी देत नाही. मी म्हटलं, "सहा महिन्यांचं काय एवढं? आई घोड्यासारखी आहे. पण अकरा वर्षं भरले त्याचं काय? आणि फोन का नाही केला, ते सांग ना आधी!"

वांदिलेने पडद्यावर हात ठेवला, खरंच हात ठेवला, लहान मूल पाटीवरची चूक झाकतं तसा.

"तू हे बघू नकोस. घरच्या माणसांची माहिती बघायची नाही, नियम आहे."

"हात काढ."

"बोंगे..."

मी त्याचं मनगट धरून बाजूला केलं. आईचं पूर्ण नाव होतं, पत्ता होता. खाली लाल पट्टी. फोन करू नये. आणि त्याच्याखाली, दावा अपेक्षित, चार महिन्यांत.

"दावा म्हणजे?" मी विचारलं.

नऊ वर्षं त्या इमारतीत काढली मी. मयतविम्यात दावा म्हणजे काय, ते मी नव्या मुलींना शिकवते. माणूस मरतो आणि घरचे दावा करतात. दुसरा अर्थच नाही. तरी मी विचारलं, आणि परत विचारलं.

"बस आधी," तो म्हणाला.

"माझी आई मरणार आहे असं लिहिलंय का रे इथे?"

"अंदाज असतो तो."

"कशावरून? कुणी सांगितलं याला? मी तिच्याबरोबर राहते! परवा तिने अख्ख्या भिशीसाठी पाव वाफवला!"

त्याने खालमानेने सांगितलं. कंपनी मार्चपासून औषध दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीकडून माहिती विकत घेते. पॉइंट्सच्या कार्डावर कोण काय नेतं, ती. आई एप्रिलपासून शहरातल्या त्यांच्या दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या नेत होती. आधी साध्या, मग कडक, मग त्याहून कडक. मलमपट्टीचा कापूसही, दर आठवड्याला. आमच्या गल्लीच्या टोकाला औषधांचं दुकान असताना ही बाई दोन टॅक्सी बदलून शहरात जात होती, कुणी बघू नये म्हणून. माझ्यापासून लपवलं, माभेंगूंपासून लपवलं, चर्चच्या बायकांपासून लपवलं. पण पैसे देताना कार्ड मात्र न चुकता पुढे केलं. पॉइंट्स कोण सोडतं?

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं. "आजारी माणसाला फोन करायचा नाही, म्हणजे हप्ता चुकेल, म्हणजे पॉलिसी बुडेल, हे कुठल्या मेल्याने ठरवलं?"

"कुणीच नाही. शपथ. आम्ही त्याला एवढंच सांगितलं होतं की ज्या फोनाने कंपनीचा तोटा होतो तो फोन टाळ. त्याने जुने आकडे चाळले, आणि अशांना फोन करणं म्हणजे तोटा, हे त्याचं त्यानेच शोधलं. मला आत्ता कळतंय. आईची शपथ, आत्ता कळतंय." मग आपण कुणाची शपथ घेतली ते लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

"असे किती आहेत?"

त्याने बटण दाबलं. नावं वर सरकायला लागली, ती सरकतच राहिली. मी उठले आणि थेट नायकर मॅडमच्या खोलीत गेले. 'नवी घडी' त्यांचीच. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं, दार लावून घेतलं, पाणी दिलं.

"मला फार वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण बोंगेकिले, तू हे पाहिलंच नाहीस. पाहिलंस असं लेखी आलं तर तुलाही घरी जावं लागेल आणि वांदिलेलाही."

"आणि पॉलिसी?"

"नव्याने काढ. मी स्वतः लक्ष घालते."

"सहा महिने थांबून?"

"ते सगळ्यांनाच थांबावं लागतं गं."

"तिच्याकडे चारच आहेत, मॅडम! तुमचंच यंत्र म्हणतंय!"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "यंत्राचं मी तपासायला सांगते. समिती नेमू. वेळ लागेल, पण नक्की बघू." या बाईच्या शब्दावर मी पिवळा टी-शर्ट घालून मजले चढले होते! मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवला आणि घरी निघाले.

आई मागच्या अंगणात घेवडा निवडत बसली होती. मला भरदुपारी बघून म्हणाली, "का गं? नोकरीवरून काढलं की काय?"

"विमा बंद पडला, आई."

"पडू दे. कळू दे त्यांना, माणसाला विचारलं नाही की काय होतं ते." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हात थांबले. "का नाही केला त्यांनी फोन?"

"तू आजारी आहेस म्हणून."

घेवड्याची पाटी तिच्या मांडीवरून कलंडली. तिने ती सावरली नाही. "कुणी सांगितलं तुला?"

"कंपनीने."

"कंपनीला कुणी सांगितलं? मी देवाच्या पुढ्यातसुद्धा नाव घेतलं नाही त्याचं!"

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच. "शहरात जाऊन गोळ्या आणतेस, जखम बांधतेस, आणि मी इथे तुझ्या हातचं गिळतेय! कुठे आहे? दाखव मला."

तिने छातीच्या डाव्या बाजूला हात नेला आणि लगेच काढला. "गाठ आहे. फुटलीय. सरकारी दवाखान्यात जाऊन आले मी, अगदीच काही अडाणी नाही. त्यांनी मोठ्या तपासणीची तारीख दिलीय."

"कधीची?"

"फेब्रुवारीची."

ऑगस्ट चालला होता. मी बोटांवर महिने मोजले, आणि आईने मला मोजताना पाहिलं. माझी आईच ती, तिच्यापासून काय लपणार.

"कंपनीला एवढं कळतं," ती हळूच म्हणाली, "तर हेही कळत असेल. फेब्रुवारीत मी आहे का गं?"

कंपनीतल्या चारशे माणसांच्या प्रश्नांना मी उत्तरं दिली होती. "आहेस ना!" मी म्हटलं. "म्हणजे काय! नसायला काय झालं?"

आईने माझ्या चेहऱ्यावरून खरं उत्तर ओळखलं. मग आत गेली आणि दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली. "मग ही तारीख त्या पोरीला देऊन ये. माझ्यामागे रांगेत होती. तिशीचीसुद्धा नसेल, दोन लेकरं पदराला. तिला मार्च दिलाय बिचारीला."

"आई, वेडी आहेस का तू? असं देता येत नाही."

"का नाही? तुमच्या कंपनीत सगळं बदलता येतं, दवाखान्यात नाही का येत?"

मी चिठ्ठी तिच्या हातातून हिसकावून घेतली. अंगाची नुसती लाही झाली होती. "ऐक. कुणाला काही द्यायचं नाही. उद्या सकाळी आपण दोघी दवाखान्यात जायचं. मी त्या डॉक्टरांच्या टेबलावर कंपनीचा आकडा ठेवणार, सांगणार की फेब्रुवारीची तारीख उशिराची आहे, हिला आत्ताच्या आत्ता तपासा. नाही तपासलं तर दारात बसणार. आणि त्या रांगेतल्या पोरीचं नाव काय आहे तेही विचारणार."

"आकडा बाहेर सांगितलास तर ठेवतील का तुला नोकरीवर?"

"गेली खड्ड्यात नोकरी!"

आई खाली बसली. अंगणात सांडलेला घेवडा एकेक करून पाटीत टाकायला लागली, मीही शेजारी बसून वेचायला लागले. अर्धी पाटी भरली तेव्हा तिने विचारलं, "आणि डॉक्टर म्हणाले, कंपनीचं बरोबर आहे, तर?"

मी तिचा हात धरला. तो गरम होता, अंगणातल्या मातीने माखलेला होता, आणि दुसऱ्या हाताने मी उरलेला घेवडा वेचत राहिले.