गाडी गरम होईपर्यंत

अमेरिकेतल्या डलूथ गावच्या हौशी चित्रपट मंडळाचे नियम लॉरेनबाईंनी केलेले. आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक सुधारणा, मग पुन्हा एक चांगली गोष्ट. तोवर चित्रपट करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि ‘हे कुणावरून सुचलं?’ असं तर मुळीच विचारायचं नाही. तोंडावर वाईट बोलताना ज्यांची जीभ टाळ्याला चिकटते, अशा लोकांच्या गावाला हे नियम शोभूनच दिसत.

वेंडेल टॉलेफसन या कामात पटाईत. नेमकं कुठे कात्री लावायची ते तो सांगे आणि समोरच्याला लागूही देत नसे. कर्ट माकीला संकलन त्यानेच शिकवलं होतं. आज चर्चच्या तळघरात त्याच कर्टचा विनोदी लघुपट होता.

पडद्यावर एक बायको नवऱ्याला कायमची सोडून निघाली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. गाडीची बॅटरी उतरलेली. आणि हा नवरा कानावर टोपी ओढून, बावळट चेहऱ्याने बाहेर येतो, तिच्या काचेवरचं बर्फ खरवडतो, आपला पिकअप ट्रक शेजारी लावतो, त्याच्या बॅटरीला केबल जोडून तिची गाडी चालू करून देतो! ती भुर्रकन निघून जाते आणि हा हात हलवत उभा. लोक पोट धरून हसले. लॉरेनबाईंना तर ठसका लागला.

वेंडेल तेवढा हसला नाही. त्याची बायको जनीन त्याला सोडून गेली ती सकाळ अशीच होती, आणि ती त्याने जगात एकालाच सांगितली होती. गेल्या हिवाळ्यात, गोठलेल्या तळ्यावर, मासेमारीच्या खोपटात. सांगताना तो ढसाढसा रडला होता. कर्ट खांद्यावर हात ठेवून ऐकत बसला होता. केवढा समजूतदार मित्र, असं तेव्हा वाटलं होतं. गडी सगळं टिपून घेत होता, हे आज कळलं.

“वेंडेल, आता तू,” लॉरेनबाई म्हणाल्या. “आधी चांगलं हं!”

कर्ट खाली मान घालून बसला होता. त्याने एकदा वर बघावं, एवढंच वेंडेलला हवं होतं. त्याने बघितलं नाही.

“पेहराव छान जमलाय,” वेंडेल म्हणाला. “टोपीसुद्धा.”

“आणि सुधारणा?”

“गाडी चालू झाली की ती लगेच निघते. ते खोटं वाटतं. इतक्या थंडीत इंजिन गरम व्हायला वेळ नको का? तेवढा वेळ तिला थांबावंच लागणार. नवरा तरी काय करेल? ‘आत ये’ म्हणायची सोय नाही. मग तो घरात जाईल, कॉफी करेल आणि तिला गाडीच्या खिडकीतून देईल. दूध न घातलेली, तिला आवडते तशी.”

पुन्हा हशा उसळला, मघापेक्षा मोठा. “अरे देवा! कॉफी!” मागून कुणीतरी ओरडलं.

“आणि शेवटी एक चांगलं?” डोळे पुसत लॉरेनबाईंनी विचारलं.

“नट चांगला आहे. त्याला रडू येत नाही.”

सभा संपली. वेंडेल कोट चढवून बाहेर पडला, पण पाय उचलेनात. कर्ट येईल, निदान ‘चुकलो’ म्हणेल, अशी वेडी आशा त्याच्या मनात अजून होती. आणि कर्ट आलाच, धावत, टोपीही न घालता.

“वेंडेल, थांब ना यार! राग नाही ना आला? मी नावबिव बदललंय सगळं.”

“हं.”

“ते कॉफीचं तू मला तेव्हा सांगितलं नव्हतंस.”

“नव्हतं सांगितलं.”

वेंडेल वाट बघत राहिला. कर्टने थंडीने लाल झालेले हात चोळले, जरा पुढे झुकला आणि आवाज खाली आणून विचारलं, “मग ती प्यायली का रे? की ओतून टाकली?”

वेंडेलने त्याच्याकडे नीट बघितलं. किती उत्सुकतेने ऐकत होता तो! त्या खोपटातही तो असाच ऐकत होता.

“जे जास्त हसवेल ते लिही,” वेंडेल म्हणाला आणि चालू लागला.

“ओतून टाकते!” मागून कर्टचा खुशीतला आवाज आला. “ओतूनच टाकते!”