तुमच्या बुडाखालचं खोगीर

साहेब, आमचं चोरीला गेलेलं खोगीर सापडलं. तुम्ही त्यावर बसला होतात.

पेपरात तिसऱ्या पानावर फोटो आहे. नव्या हॉटेलाचं उद्घाटन. मालक हसतोय, तुम्ही हसताय, तुमच्या हातात कॉफीचा कप आहे आणि बुडाखाली लोखंडी खांबावर ठोकलेलं आमच्या मिरी घोडीचं खोगीर आहे. ते इतर कुणाचं असू शकत नाही. तुमच्या गुडघ्याखाली जो चामड्याचा पडदा लोंबतोय, त्यावर तीन बोटं लांबीची नारिंगी शिवण आहे. ती आमच्या मामाने घातली. त्या दिवशी काळा दोरा संपला होता आणि मामाला दुकान उघडेपर्यंत थांबवत नाही.

तुम्ही चोर आहात असं मी म्हणत नाही. मी म्हणते ते त्याहून वाईट आहे. जेवायच्या आत काम उरकावं म्हणून तुम्ही एका सरळ माणसाच्या कपाळावर चोराचा शिक्का मारलात, आणि चोरीचा माल खुद्द तुमच्या बुडाखाली निघाला तेव्हा तुम्ही साधे उठूनही उभे राहिला नाहीत.

तुम्हाला सगळं माहीत आहे. वाचणाऱ्यांना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचा तबेला लहान आहे. नऊ घोडी-घोडे, एक गोल मैदान, मागे पाण्याचा हौद आणि बाजूला सामानखोली. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. लोकांना घोड्यावर बसायला शिकवते, म्हणजे मुख्यतः पडायला शिकवते, बसणं आपोआप येतं. मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. तीस वर्षं आमचे घोडे तोच बघतो. खरारा, खुरं, खाणं, शिवण, सगळं त्याच्याकडे. सामानखोलीची किल्ली त्याच्या गळ्यात दोऱ्याला असते. आंघोळीलाही काढत नाही. मामी म्हणायची, "लग्नात माझ्यासाठी एवढं घट्ट काही बांधलं नव्हतं."

आमच्याकडे दर रविवारी चामड्याला तेल लावतात. खोगिरं, लगाम, तंगाचे पट्टे, सगळं. तेल लावलेलं चामडं बंद खोलीत कोंडलं की त्याला बुरशी धरते, म्हणून रविवारी सामानखोलीचं दार अंधार पडेपर्यंत सताड उघडं ठेवायचं. वडिलांच्या वेळेपासून हे असंच. संध्याकाळी मामा दार ओढून घेतो आणि कुलूप लावतो. आत जात नाही, दिवा लावत नाही, कारण ताज्या तेलाला हात लागला की डाग उठतात. "रात्रभर पिऊ दे त्याला," म्हणतो. लहान पोर झोपल्यावर आई दार लोटून घेते ना, तसं लोटतो.

त्या रविवारी दुपारी आम्ही सगळे मागे हौदावर घोडे धूत होतो. सोमवारी सकाळी मामाने कुलूप काढलं, तर आतल्या अकराच्या अकरा घोड्या रिकाम्या. म्हणजे खोगीर ठेवायच्या लाकडी घोड्या. एक लगामही गेला नव्हता. फक्त खोगिरं.

ठाण्यातून तुम्ही आलात साडेअकराला. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून आमच्या दाण्याच्या पोत्यावर पाय ठेवत आलात. कुलूप हातात घेतलंत, उलटसुलट केलंत.

"कुलूप शाबूत आहे. किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे," मामा म्हणाला आणि गळ्यातला दोरा वर उचलून दाखवला. त्याला वाटलं तुम्ही शाबासकी द्याल.

मी तुम्हाला रविवारचं सांगितलं. तेल, बुरशी, उघडं दार. तुम्ही ऐकून घेतलंत आणि बरोबरच्या शिपायाकडे बघून म्हणालात, "चामड्याला हवा लागते म्हणे. आमच्या घरात माणसांना मिळत नाही." शिपाई हसला. मग तुम्ही कागदावर लिहिलंत, 'खोली कुलूपबंद अवस्थेत होती.' मी म्हटलं, साहेब, सोमवारी बंद होती, रविवारी दिवसभर उघडी होती. तुम्ही म्हणालात, "अहो बाई, आम्ही बघितलं तेच आम्ही लिहिणार. करा सही."

मी सही केली.

इथे मी स्वतःला सोडत नाही. त्या कागदावर माझी सही आहे आणि ती मी हसणाऱ्या दोन माणसांपुढे आणखी वेडी दिसू नये म्हणून केली. तेवढ्याचसाठी. तुमचं आडमुठेपण आणि माझी लाज, दोन्ही मिळून तो कागद झाला.

आणि तुम्ही गेल्यावर मी जे केलं ते तुमच्यापेक्षाही खाली होतं. तुम्ही जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला होतात, "घरातलंच कुणीतरी असतं. नव्वद टक्के." ते वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतलं. मामा अंगणात बादली विसळत होता. मी विचारलं, "मामा, किल्ली कुणाला दिली होतीस का कधी?"

एवढंच. आवाजही चढवला नाही.

त्याने बादली पालथी घातली. गळ्यातला दोरा काढायला गेला तर गाठ सुटेना, तीस वर्षांची गाठ. शेवटी खुरांच्या सुरीने दोरा कापला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "मिरीचा मागचा डावा पाय बघत जा," म्हणाला. "नाल ढिला आहे." आणि गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला ठाण्यावर बोलावून चार तास बाकावर बसवलंत आणि वहीत त्याचं नाव लिहिलंत. संशयित. पुढे किल्ली, पुढे नातं, पुढे पत्ता.

सहा आठवडे गेले. मग तो फोटो.

मी पेपर घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले. तुम्ही आधी फोटोत स्वतःचं पोट बघितलंत, मला दिसलं ते.

"खोगिरं सगळी सारखीच असतात," म्हणालात.

"ही शिवण बघा."

"शिवण कुणीही घालतं. बिल आहे?"

"माझ्या वडिलांनी घरी शिवलंय. बापाने मुलीला बिल द्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती."

"मग बाई, मी काय घोडीची साक्ष काढू?"

शिपाई पुन्हा हसला. त्याचं कामच ते असावं.

ठीक आहे, म्हटलं. काढा साक्ष.

मिरीची पाठ वाकडी आहे. शिंगरू असताना खड्ड्यात पडली होती, तेव्हापासून डाव्या बाजूला खोल आहे आणि उजवीकडे भरलेली. बाजारातलं कुठलंही खोगीर तिच्या पाठीवर डावीकडे घसरतं. म्हणून वडिलांनी तिच्या मापाचं खोगीर शिवलं, आणि दर वर्षी मामा त्याच्या डाव्या गादीत हाताने लोकर भरून ती उजवीपेक्षा जाड करतो. ते खोगीर जगात एकाच पाठीवर सरळ बसतं. दुसऱ्या कुठल्याही घोड्यावर टाका, उजवीकडे कलतं.

मामाकडे गेले. तो दारात बसून जुनी पिशवी शिवत होता. म्हटलं, चल माझ्याबरोबर. तो म्हणाला, "चोराला बरोबर नेशील तर साक्ष कोण मानेल?" सुईवरून नजर वर केली नाही.

मग मी नालबंदाला घेतलं. आमचा नालबंद म्हणजे आडव्या हाडाचा, घोड्यापेक्षा माणसाला जास्त लाथा मारणारा. मी मिरीला धरलं, त्याने पंतोजीला. पंतोजी म्हणजे आमचा म्हातारा घोडा, नवशिके सगळे त्याच्यावरच शिकतात, आणि त्याची पाठ फळीसारखी सरळ आहे. सकाळी दहाला आम्ही भर रस्त्याने हॉटेलाच्या दारात जाऊन उभे राहिलो.

आत अकरापैकी आठ खोगिरं उंच टेबलापुढे ओळीने. प्रत्येकाच्या मधोमध भोक पाडून बोल्ट ठोकलेला. रिकिबी कापून भिंतीवर टांगल्या होत्या, शोभेला. माझ्या बापाने वाकवलेल्या लाकडी सांगाड्यात भोक. मी तिथे काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

मालक धावत आला. "बाई, घोडे बाजूला घ्या, गिऱ्हाईक येतंय."

"गिऱ्हाईकच आहे," नालबंद म्हणाला आणि मिरीकडे बोट दाखवलं. "तिची खुर्ची तुमच्याकडे राहिली आहे, ती न्यायला आली."

दारात माणसं जमली, मोबाइल वर झाले. मालकाने तुम्हाला फोन लावला आणि लोक बघतायत म्हणून शेवटी बोल्टही काढून दिला. तुम्ही पोहोचलात तेव्हा खोगीर पंतोजीच्या पाठीवर होतं आणि उजवीकडे असं कललं होतं की लहान पोरानेही ओळखावं. तुम्ही ते पाहिलंत. मग मी ते काढलं आणि मिरीच्या पाठीवर ठेवलं. नुसतं ठेवलं, पोटाखालचा तंगसुद्धा आवळला नाही. बसलं. पाण्याची पातळी असावी तसं सरळ.

मी तुम्हाला म्हटलं, साहेब, दोन्ही बाजूंनी हात घालून बघा.

तुम्ही घातलात. डावा हात, उजवा हात. दोन्हीकडे सारखाच दाब. तुमचा चेहरा मी बघत होते. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही रुमालाने हात पुसलेत आणि म्हणालात, "बरं. बघू."

त्यानंतर सगळं भराभर झालं, ते मान्य करते. मालकाची पाचावर धारण बसली आणि त्याने जुन्या सामानाच्या दुकानदाराची चिठ्ठी आणून दिली. दुकानदाराने टेम्पोचा नंबर दिला. टेम्पो आमच्या गवतवाल्याचा निघाला. दर रविवारी दुपारी तो आमच्याकडे गवत टाकून जातो, सहा वर्षं. ठाण्यावर त्याने माझ्यासमोर सांगितलं, "दार उघडंच असतं रविवारी. सगळे मागे हौदावर होते. उचललं आणि गवताखाली घातलं."

दार उघडंच असतं. चोराच्या तोंडून, तुमच्या टेबलापुढे, तुमच्या शिपायाने लिहून घेतलं. तो तेव्हा हसला नाही.

मी म्हटलं, आता मामाचं नाव काढा.

तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते जसंच्या तसं लिहिते. "रविवारची टीप त्याला आतून कुणीतरी दिली असणार. नाव राहू द्या, तपास चालू आहे."

साहेब, तो माणूस दर रविवारी स्वतःच्या पायाने येत होता. त्याला रविवार सांगायला माणूस कशाला हवा? तुम्हालाही हे समजतं. नाव काढायचं तर आधी 'खोली कुलूपबंद' हे वाक्य खोडावं लागतं, आणि ते तुमच्या हातचं आहे. एवढ्या एका वाक्याला ओरखडा येऊ नये म्हणून एकसष्ट वर्षांचा माणूस दारात बसून फाटक्या पिशव्या शिवतोय.

मी त्याच्याकडे गेले होते. खोगीर नेलं, किल्ली नेली, नवा दोरा नेला. उंबऱ्यात बसले आणि म्हटलं, "मामा, मी तुला विचारायला नको होतं. चुकलं माझं."

तो बराच वेळ खोगिराच्या भोकात बोट फिरवत होता. "लाकूड चिरलंय का?"

"नाही. नुसतं भोक आहे."

"मग होईल. शिसवाची खुंटी मारायची, वरून चामडं." खोगीर माझ्याकडे सरकवलं. किल्लीला हात लावला नाही.

"मग कर ना."

"वहीत नाव आहे माझं. उद्या तुझी एखादी रिकीब हरवली तर पहिली गाडी कुणाच्या दारात येईल?"

"मामा, मी म्हटलं ना चुकलं."

"तुझं चुकलं ते तू म्हणालीस, पोरी. संपलं ते." त्याने दोरा दाताने तोडला. "त्याला म्हणायला सांग."

म्हणून सांगते आहे. खोगीर सामानखोलीत आहे, मधोमध भोक तसंच. मिरीला पाठीवर काही न घालता नुसती फिरवते. ते भोक बुजवणारे हात एकाच माणसाचे आहेत आणि ते तुमच्या वहीत अडकलेत. आमची रविवारची पद्धत मी बदललेली नाही, दार अजून उघडं असतं. आता दारात खुर्ची टाकून मी स्वतः बसते.

माझी चूक मी इथे लिहून दिली, सहीसकट, सगळ्यांना वाचता येईल अशी. आता पाळी तुमची. मला 'बघू' नको, 'तपास चालू आहे' नको. ते वाक्य तुम्ही कोणत्या दिवशी खोडताय, आणि मामाच्या उंबऱ्यात उभं राहून 'चुकलं' हे कधी म्हणताय?

तारीख सांगा, साहेब.