एका इंजिनावर घरी

त्या सुताराला सगळे सुसाट म्हणत. नाव ठेवलं होतं सासूबाईंनी. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सायकलचा ब्रेक लागेना, म्हणून थेट फाटकावर आदळला आणि उठता उठता म्हणाला, "उशीर तर नाही ना झाला?"

गंमत अशी, की कामात हाच माणूस मुंगीच्या पावलानं चाले. फळी दोनदा मापल्याशिवाय तो करवत उचलत नसे. पण पाणी दिसलं आणि पाण्यावर बोट दिसली, की स्वारीचं भान सुटलंच म्हणून समजा.

अशाच एका भरात त्यानं मागे एक जुनी बोट घेतली होती. विकणारा गोड बोलला, रंग चकचकीत होता, झालं! एका रविवारी नवराबायको समोरच्या दीपगृहाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवर बोटीच्या एकुलत्या एक इंजिनानं मान टाकली. दिवसभर दोघं पाण्यावर नुसते तरंगत राहिले. सुसाट दर थोड्या वेळानं म्हणे, "आता होईल बघ चालू." संध्याकाळी मासेमारांनी दोर बांधून ओढत आणलं. बायको धक्क्यावर उतरली ती पुन्हा काही बोटीत बसली नाही. ती भांडली नाही, रुसली नाही, पण दर रविवारी तिला काहीतरी काम निघायचं. सुसाट एकटा धक्क्यावर जायचा आणि लवकरच परत यायचा. दोघांनी मिळून बघायचं पाणी एकट्यानं किती वेळ बघणार?

बायको बालवर्गाच्या बाई. चिमुरड्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून बांधून तिच्या अंगी अशी चिकाटी आली होती, की तिच्याशी घाई करून कुणालाच जिंकता येत नसे. म्हणून एके दिवशी जेवताना ती आपणहून बोलली, तेव्हा सुसाटचा घास हातातच राहिला.

"दोन इंजिनांची बोट असेल तर बघायला येईन. फक्त बघायला हं. आणि या वेळी मनाला पटलं नाही, तर हा विषय आपल्या घरात कायमचा बंद."

म्हणून आज दोघं दंतवैद्याच्या बोटीसमोर उभे होते. दंतवैद्य पूर्वी बोटींच्या शर्यतींत उतरत असत. आता पाठ कुरकुरायला लागली, म्हणून बोट विकायला काढली होती. पिवळी, निमुळती, चोचीसारख्या टोकाची बोट, मागे दोन काळी इंजिनं शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखी. सुसाटनं बोलावलेल्या मिस्त्रीनं आदल्या दिवशी सगळं उघडून तपासलं होतं आणि जाताना एकच गोष्ट बजावली होती: चालू करण्याआधी इंजिनाला हात लावा. विकणाऱ्यानं ते आधीच तापवून ठेवलं असेल, तर गार असताना ते कसं कुरबुरतं हे कळणारच नाही.

बाईंनी वर्गातल्या पोराचं कपाळ बघावं तसा दोन्ही इंजिनांवर हात ठेवला. "ताप नाही," त्या म्हणाल्या.

"वहिनी, दात दाखवायला आलेला माणूससुद्धा मला इतकं तपासत नाही!" दंतवैद्य हसले.

"म्हणूनच तो नंतर ओरडतो, डॉक्टर."

सुसाटनं हसू दाबलं. इंजिनं पहिल्याच फटक्यात सुरू झाली. बाईंनी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि चाकाजवळच्या दोन लाल दोऱ्यांकडे बोट दाखवलं. "या कशाला?"

"तातडीनं बंद करायला. एकेका इंजिनाला एकेक. ओढली की त्या बाजूचं इंजिन गप्प."

"अस्सं," म्हणत बाई नेमक्या तिथेच बसल्या.

बंदराबाहेर दंतवैद्यांनी वेग मोकळा सोडला. बोटीचं नाक वर आलं, पाणी दुभंगलं, सुसाटच्या डोळ्यांना वाऱ्यानं पाणी आलं. की आनंदानं, कुणास ठाऊक! पण त्यानं वळून पाहिलं तर बायकोनं कठडा घट्ट धरलेला आणि ओठ मिटलेले. त्याचा आनंद अर्ध्यावर आला. मग चाक त्याच्या हाती आलं, तेव्हा त्यानं आपणहून वेग कमी केला. तसं तो आयुष्यात फार कमी वेळा वागला होता.

दीपगृहाची खिडकी समोर दिसू लागली. आणि एकाएकी डावं इंजिन थांबलं.

सुसाटनं चाक घट्ट धरलं. पुन्हा तेच! त्याला कसलाच आवाज ऐकू येईना. जेवणाच्या टेबलावरचं ते 'कायमचा बंद' तेवढं कानात घुमू लागलं.

"असं कधीच झालं नव्हतं हो!" दंतवैद्यांचा चेहरा उतरला.

"खरंच नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या मुठीत लाल दोरी होती. "मी ओढली."

सुसाट तिच्याकडे वळला.

"अगं, पण का?"

"अहो, पळताना पहिलं येणाऱ्या पोराला सगळेच टाळ्या वाजवतात. पडल्यावर उठून घरी कोण येतं, ते मी बघते. आपली जुनी बोट इथेच बंद पडली होती. दीपगृहाची खिडकी अशीच समोर होती. दिवसभर तीच तर बघत बसले होते मी." मग तिनं पदर खोचावा तशी बाही वर केली. "चला, आता एका इंजिनावर घरी न्या."

बंद इंजिन पाण्याबाहेर उचलून घेतलं. बोट हट्टी वासरासारखी डावीकडे ओढू लागली. सुसाटनं चाक थोडं उजवीकडे धरून ठेवलं, फळीवर रंधा फिरवताना हात धरतो तसं, न दाबता, न सोडता. चोचवाली शर्यतीची बोट रमतगमत निघाली. शिडाची एक होडी त्यांना मागे टाकून गेली आणि त्यातल्या माणसानं हातही हलवला.

"माझी अब्रू गेली," दंतवैद्य पुटपुटले.

उजवं इंजिन एका सुरात गुरगुरत होतं, आणि बाईंचा कठड्यावरचा हात हळूहळू सैल होत होता. मग तो मांडीवर आला. मग त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. सुसाटनं हळूच श्वास सोडला. किती दिवसांचा अडकलेला होता, कुणास ठाऊक!

बोट धक्क्याला अलगद टेकली. त्यानं दोर बांधला आणि बायकोला उतरवायला हात पुढे केला. तिनं त्या हातावर संत्र्याची फोड ठेवली.

"उतरतेस ना?"

"एवढ्यात कुठे? उजव्यानं तर आणलं. डावं आणतं का, ते बघायला नको?"

सुसाटनं दोर सोडायला घेतला. घाईत त्याला गाठ सुटेना.

"सावकाश," बाई हसून म्हणाल्या. "मी कुठे जात नाही."