दुसऱ्याच्या नंबरचं ताट

माझ्याकडे येणारी प्रत्येक तलवार पानिपतावरूनच आलेली असते. ती नाटक कंपनीची आहे असं सांगितलं की आणणारा माझ्याकडे असा बघतो, जशी काही मीच ती बदलली. फौजेत तेवीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त होऊन साताऱ्यात आल्यावर जुनी पदकं, बिल्ले, पट्टे गोळा करायचा नाद लागला, आणि लोक आपल्या वस्तू ओळखून घ्यायला येऊ लागले. फुकटात लोकांची मनं मोडायची, वर चहाही आपलाच. आता खरंच कंटाळा आलाय.

तशात एक दिवस जतहून सोनम आली. तिच्या चुलत आजीचा, सुलाबाईंचा नवरा बिरदेव एकाहत्तरच्या लढाईत गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरी ना देह आला, ना त्याचा एखादा फोटो होता. पलटणीकडून फक्त एक ट्रंक आली. तिच्यातलं बाकी सगळं वाळवीनं खाल्लं, ॲल्युमिनियमचं एक ताट तेवढं राहिलं. दर पितृपंधरवड्यात सुलाबाई बिरदेवचा नैवेद्य त्याच ताटात वाढायच्या. आता तालुक्याला शहिदांच्या आठवणींची खोली होणार होती. ताट तिथे काचेत ठेवायचं, तर ते त्याचंच आहे अशी माझी चिठ्ठी हवी होती.

मी ताट पालथं केलं. फौजी माणूस आपल्या प्रत्येक वस्तूवर नंबर टाकतो, नाहीतर शेजारचा उचलून नेतो. खिळ्यानं ठोकलेले आकडे भिंगाखाली स्वच्छ दिसले. सोनमनं आणलेल्या पेन्शनच्या कागदावर बिरदेवचा नंबर होता. शेवटचे चारही आकडे वेगळे होते.

“काका, लिहून टाका ना,” सोनम म्हणाली. “कोण तपासणारंय?”

कोणीच तपासणार नव्हतं. मी पेन उचललंही होतं. पण कारकुनाचं हाड, ते गप्प बसेना. ताट ठेवून घेतलं, आठ दिवसांनी ये म्हटलं आणि त्या पलटणीच्या पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो नंबर टाकला. नसती उठाठेव म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवशी कोरेगावहून आकाराम नावाच्या म्हाताऱ्याचा फोन आला. मी त्यांना ताटाची आणि नैवेद्याची हकिकत सांगितली.

“माझंच ताट त्ये. मी जखमी हून दवाखान्यात पडलेलो. परत आलो तर ट्रंक गायब. बिरदेवची न् माझी शेजारीशेजारी असायची. म्हंजे पन्नास वर्सं मलाच नैवेद्य दावत्यात व्हय? तरीच मरंना झालोय.” ते हसले.

“बिरदेवची ट्रंक कुठे गेली?”

“द्येवाला ठावं.”

कुणीतरी घाईत भलतीच ट्रंक पाठवून दिली असणार. कुणीतरी म्हणजे माझ्यासारखाच एखादा कारकून. आता सुलाबाईंजवळ नवऱ्याचं म्हणून काही उरणार नव्हतं, आणि हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. आकारामच म्हणाले, “मला घिऊन चला. माझी वस्तू हाय, मीच सांगीन.”

जतमध्ये ऊन नुसतं भाजून काढत होतं. सुलाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या, शेजारी सोनम. आकारामनी ताट मध्ये ठेवलं आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

“म्हंजे ह्यात त्येंचं काय बी न्हाई?” सुलाबाईंनी विचारलं.

“न्हाई, वैनी.”

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. सुलाबाईंनी पदर सारखा केला.

“तुमी त्येंना वळखत हुता, दादा?”

“दीड वरीस एका बराकीत हुतो.”

“माझं नाव काडायचे का कवा?”

हो म्हणा, आकाराम. आत्तापर्यंत सगळं खरं बोललात, आता एक खोटं बोला, काही बिघडत नाही!

“खोटं कशाला बोलू?” आकाराम म्हणाले. “नाव कवाच न्हाई घ्येतलं. लंगरातली रोटी हातात घिऊन म्हनायचा, आमच्या घरात भाकरी लय जाड थापत्यात गड्या, पर करपू देत न्हाईत.”

सुलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सोनम माझ्याकडे रागानं बघू लागली.

“दर सभंत पुढारी सांगत्यात,” सुलाबाई म्हणाल्या, “माझं नाव घेत त्येंनी जीव सोडला म्हून. मी हार घालून घ्येते न् गप बसते. लगनात नाव घ्या म्हून पोरी दारात आडव्या आल्या, तवा बी घ्येतलं न्हाई त्येंनी, ते मरताना घेत्यात व्हय? ह्ये मातुर त्येंचंच हाय. जाड भाकरीवरनं मला रोज बोलायचे.”

नंतर त्या आकारामच्या जवळ सरकून बसल्या.

“आनी काय म्हनायचे, दादा? सावकाश सांगा. एवड्या वर्सांत पयल्यांदा त्येंचं बोलनं कानावर पडलं बगा.”