खुर्ची जिथे, मत तिथे

आमच्या गावच्या सभेत नाही म्हणायचं तर खुर्ची उचलावी लागते. हो म्हणणारा बसल्या जागी बसून राहतो. नाही म्हणणाऱ्याने आपली खुर्ची उचलून खिडकीकडच्या भिंतीला नेऊन ठेवायची. मग कारकून मोजतो. खुर्ची जिथे, मत तिथे. आणि कुणी आलाच नाही तर? त्याची खुर्ची जागची हलत नाही, म्हणजे तो हो म्हणाला. इतकी वर्षं या नियमाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण इतकी वर्षं आम्ही गटारं आणि दिवाबत्ती यांवरच भांडत होतो.

या वेळी मात्र देशाच्या नव्या राज्यघटनेचा मसुदा आला होता. गावोगावच्या सभांनी तो मंजूर करायचा होता. सरकार कसं निवडायचं, कर कुणी लावायचा, सगळं त्यात होतं. माणसाला विनाकारण उचलून कोठडीत टाकता येणार नाही, एवढं एक वाक्य तेवढं कुठे नव्हतं. माझा धाकटा भाऊ बसकंडक्टर. त्याचा आवाज असा, की सगळे त्याला भोंगा म्हणतात. डेपोच्या फाटकात उभा राहून तो हेच बोलला. डेपोवाल्यांनी त्याला सभेवर निवडून दिलं आणि पोलिसांनी महिन्यापूर्वी उचलून नेलं. गुन्हा विचारला तर म्हणे, चौकशी चालू आहे.

मतदानाच्या दिवशी सकाळी मामा माझ्या शिलाईच्या दुकानात आले. मामा म्हणजे सभेचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. वडील गेल्यावर आम्हा दोघांना त्यांनीच वाढवलं. हे मी विसरत नाही आणि ते विसरू देत नाहीत.

"भोंग्याला मतदानाला आणा, हा तुझा हट्ट सोड," ते म्हणाले. "आज गप्प बस. संध्याकाळी तो घरी येईल. मी शब्द टाकलाय."

"कुठल्या गुन्ह्यातून सुटतोय?"

"गुन्हा नाहीच आहे."

"मग आत कशाला आहे?"

"शब्दाने शब्द वाढवू नकोस, पोरी. मतं काठावर आहेत. एक खुर्ची हलली तर मसुदा पडेल."

मी मशीन चालवत राहिले, पण शिवण सगळी वाकडी गेली. आई रोज दाराकडे डोळे लावून बसते. पोरगा आत खंगलाय. गप्प बसायला माझं काय जातं? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मामांनी त्याचा अर्थ हो असाच घेतला. त्यांना सवयच आहे.

सभेत आमच्या वकीलबाई उठल्या. "आधी माणसांचे हक्क लिहा, मग मंजुरी मागा."

"आधी घर तर उभं राहू दे," मामा म्हणाले. "दाराला कडी नंतर लावू."

"तोवर चोर थांबेल का?"

"आपणच निवडलेली माणसं चोर कशी निघतील?"

"चांगल्या माणसांसाठी कडी लागतच नाही, मास्तर. ती दुसऱ्यांसाठीच असते."

मागच्या बाकांवर प्रेक्षक हसले. मामांनी मतदान पुकारलं. काही खुर्च्या भिंतीकडे गेल्या, बऱ्याच तिथेच राहिल्या. कारकून फिरत फिरत भोंग्याच्या रिकाम्या खुर्चीपाशी आला, पेन्सिल तिच्या पाठीला टेकवली आणि होकारात मोजली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस कोठडीत, आणि त्याला कोंडणाऱ्यांनाच त्याचा पाठिंबा? याला म्हणतात चोर तो चोर, वर शिरजोर. मी प्रेक्षकांतून उठले आणि ती खुर्ची उचलली.

"खाली ठेव," मामा म्हणाले. "मत त्याचं आहे, तुझं नाही."

"बरोबर. मग ज्याचं आहे त्याला विचारू. मी ही भिंतीकडे नेत नाही, त्याच्याकडे नेते."

खुर्ची डोक्यावर घेऊन मी दाराबाहेर पडले. कारकुनाची पंचाईत झाली. निकाल पुकारण्याआधी खुर्ची हलली की ती परत मोजावी लागते. बिचारा पेन्सिल कानावर अडकवून माझ्यामागे निघाला, त्याच्यामागे वकीलबाई, मग अर्धी सभा, शेवटी मामा. रस्त्यात पानवाल्याने विचारलं, "बिऱ्हाड हलवताय का, ताई?" म्हटलं, "नाही हो, भावाचं मत नेतेय."

चौकीच्या दारात हवालदार आडवा आला. त्याचा गणवेश मीच शिवलेला, पोटाशी दोनदा उसवून दिलेला.

"आत सोडायचा हुकूम नाही."

"त्याला आत ठेवायचा आहे का? असेल तर दाखवा."

त्याने मामांकडे पाहिलं. मामांनी चपलांकडे पाहिलं. हवालदार बाजूला झाला.

मी खुर्ची कोठडीच्या गजांना टेकवून ठेवली. भोंग्याचे गाल पार आत गेले होते. मी त्याला सगळं सांगितलं, मामांचा शब्दही सांगितला. तू काय कर, ते मात्र सांगितलं नाही.

"खुर्ची राहू दे तशीच, बाळा," मामा म्हणाले. "संध्याकाळी घरी चल."

"ताई, आई कशी आहे?"

"वाट बघतेय."

त्याने दोन्ही हातांनी गज धरले. खरं सांगते, त्याने हो म्हणावं असं माझ्या अर्ध्या जिवाला वाटत होतं.

"मामा, तुमच्या शब्दाने सुटलो तर तुमच्याच शब्दाने परत आत येईन," तो म्हणाला. गजांतून हात काढून त्याने खुर्चीची पाठ पकडली आणि हात पुरेल तिथवर ती चौकीच्या खिडकीकडच्या भिंतीकडे सरकवली. कारकुनाने नकारात मोजली. मसुदा पडला; हक्क लिहून परत आणा, असा निरोप वर जाणार होता.

"आता मी काहीच करू शकणार नाही," मामा म्हणाले.

"तुम्ही काही करायची वेळच येऊ नये, मामा," मी म्हटलं. "भांडण त्यासाठीच आहे."

मी एकटी घरी आले. आईने माझ्या मागे पाहिलं, कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून उठून दार लावायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"उघडंच राहू दे," आई म्हणाली. "रडायचंय तेवढं रड. ऐकू दे सगळ्यांना."